लेकीचं कॉलेज ठरवताना सुरक्षितता कशी तपासायची?



बारावीचा निकाल लागला की आपल्या गटांच्या बैठकीत कर्जमागणीचं कारण बदलतं. बी-बियाणं, खत, दवाखाना यांच्या जोडीला रजिस्टरमध्ये "मुलीचं अ‍ॅडमिशन" असं लिहिलं जातं. ही आनंदाची गोष्ट आहे. पण त्याच बैठकीत दुसरं बोलणंही कानावर येतं. "पैशाचं जमवू हो ताई, पण पोरीला एवढ्या लांब ठेवायचं म्हणजे जिवाला घोर लागतो." मग कुणी टीव्हीवर बघितलेली बातमी सांगतं, कुणी पाहुण्यांच्या पोरीची ऐकीव गोष्ट सांगतं. आणि शेवटी ठरतं काय, तर "राहू द्या, बघू पुढच्या वर्षी." पुढच्या वर्षी बहुतेक वेळा लग्नाचंच बघितलं जातं.

म्हणून या वेळच्या अभ्यासपाठाला हाच विषय घेतला आहे. कॉलेज सुरक्षित आहे की नाही, हे नशिबावर सोडायची गरज नाही. ते तपासता येतं. आपण म्हैस घेताना विकणाऱ्याच्या शब्दावर जातो का? दोन वेळा धार काढून बघतो, दात बघतो, शेजाऱ्याला विचारतो. मग लेक जिथं तीन-चार वर्षं राहणार, शिकणार, ते ठिकाण नुसती फी आणि इमारत बघून का ठरवायचं?

हा पाठ बैठकीत मोठ्यानं वाचा. अकरावी-बारावीतल्या पोरींनाही शेजारी बसवा.

१. भीती खरी आहे, पण निर्णय एकट्या भीतीवर नको

आपल्या किनवट शहरात पदवीपर्यंतची कॉलेजं आहेत. पण इंजिनिअरिंग, मेडिकल किंवा नीटचे क्लास म्हटलं की नांदेड, लातूर गाठावं लागतं. नांदेड इथून दीडशे किलोमीटरच्या आसपास. मांडवी, सारखणी, इस्लापूर, शिवणीकडच्या गावांतल्या पोरीला तर किनवटला यायचं म्हटलं तरी एसटीची वाट बघावी लागते. त्यामुळे आईच्या मनात भीती येणं साहजिक आहे. तिला कुणी वेड्यात काढू नये.

पण "घरी ठेवली म्हणजे सुरक्षित" हेही तपासून बघा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षं एकच सांगतात: बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत बहुतेक वेळा आरोपी ओळखीचाच असतो. म्हणजे लांबचं गाव धोक्याचं आणि जवळचं घर बिनधोक, असा हिशोब नाही. आणि शिक्षण सुटलं की कमी वयात लग्न होतं, हे आपण गावोगाव बघतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. मराठवाड्यातल्या अनेक जिल्ह्यांत हे प्रमाण राज्यापेक्षा जास्त आहे. कमी वयातलं लग्न, कमी वयातलं बाळंतपण हाही पोरीच्या जिवाला धोकाच आहे. फक्त त्याची बातमी टीव्हीवर येत नाही.

म्हणून प्रश्न "पाठवायचं की नाही" असा न विचारता "कुठं पाठवायचं, आणि पाठवताना काय तपासायचं" असा विचारू.

२. दोन घटना आणि त्यातून शिकण्यासारखं

पहिली घटना अमेरिकेतली आहे. जीन क्लेरी नावाची १९ वर्षांची मुलगी होती. तिच्या आईवडिलांनी आधी तुलेन विद्यापीठाचा विचार केला होता. पण तिथल्या एका विद्यार्थिनीचा खून झाल्याचं कळलं, म्हणून ते नाव काढून टाकलं आणि शांत, छोट्या गावातलं लिहाय विद्यापीठ निवडलं. १९८६ च्या एप्रिलमध्ये तिथंच, वसतिगृहाच्या तिच्या खोलीत, तिच्यावर अत्याचार करून तिचा खून झाला. जी दारं आपोआप बंद व्हायला पाहिजेत, ती कुणीतरी उघडी ठेवली होती. आधी तिथं काय काय गुन्हे घडले होते, हे आईवडिलांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी लढा दिला आणि १९९० साली कायदा झाला. तेव्हापासून तिथल्या कॉलेजांना आपल्या आवारातल्या गुन्ह्यांची आकडेवारी दरवर्षी जाहीर करावी लागते.

दुसरी घटना आपल्या मुंबईतली. जून २०२३ मध्ये चर्नी रोडजवळच्या एका सरकारी मुलींच्या वसतिगृहात अकोल्याकडून शिकायला आलेल्या १८ वर्षांच्या मुलीचा तिच्या खोलीत खून झाला. संशय होता तो तिथल्याच पहारेकऱ्यावर. त्याचा मृतदेह त्याच दिवशी रेल्वे रुळावर मिळाला. सुट्टीचे दिवस होते, बऱ्याच मुली गावी गेल्या होत्या.

या घटना घाबरवायला सांगितल्या नाहीत. त्यातून तीन गोष्टी शिकायच्या आहेत. एक, एखाद्या कॉलेजची वाईट बातमी ऐकली नाही म्हणजे ते सुरक्षित, असं नाही. दोन, "सरकारी आहे", "पहारेकरी आहे" एवढ्यावर समाधान मानायचं नाही. पहारेकरी कोण आहे, त्याच्यावर लक्ष कोण ठेवतं, हेही विचारायचं. तीन, दार, कडी, कुलूप आणि सुट्टीत किती मुली राहतात, अशा साध्या गोष्टींवर जीव अवलंबून असतो.

३. कायद्यानं काय असायलाच पाहिजे

पुढच्या गोष्टी कॉलेज आपल्यावर उपकार म्हणून करत नाही. त्या असायलाच पाहिजेत, म्हणून विचारताना लाजू नका.

अंतर्गत तक्रार समिती. २०१३ च्या कायद्यानं दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी ही समिती पाहिजे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांनी तिचं संरक्षण विद्यार्थिनींनाही स्पष्टपणे दिलं आहे. समितीची अध्यक्ष वरिष्ठ महिलाच असते. निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत. बाहेरच्या संस्थेची एक व्यक्ती असावी लागते. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते, कारण योग्य असेल तर मुदत वाढते. चौकशी ९० दिवसांत पूर्ण करायची असते आणि मुलीचं नाव गुप्त ठेवायचं असतं. समितीच नेमली नाही तर ५० हजारांपर्यंत दंड आहे. संस्था फारच लहान असेल, किंवा तक्रार मालकावरच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं.

रॅगिंगविरोधी समिती. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. रॅगिंग करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गुन्हा सिद्ध झाला तर कॉलेजमधून काढून टाकतात आणि पाच वर्षं दुसरीकडं प्रवेश मिळत नाही. तक्रार आली की प्राचार्यांना सात दिवसांत चौकशी करावी लागते. त्यांनी दुर्लक्ष केलं तर तेही गुन्ह्याला मदत केल्यासारखं धरलं जातं. प्रवेशाच्या वेळी मुलगी आणि पालक दोघांकडून रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र भरून घेतात. नुसती सही करू नका, वाचून घ्या. देशभराचा मोफत नंबर १८००-१८०-५५२२ आहे.

अठराच्या आतल्या मुली. अकरावी-बारावीच्या बहुतेक पोरी अठराच्या आतल्या असतात. त्यांना पोक्सो म्हणजे २०१२ चा बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होतो. अशी घटना ज्याला कळली त्यानं पोलिसांना सांगणं बंधनकारक आहे. "संस्थेचं नाव खराब होईल, आपसात मिटवू" असं म्हणणारा मुख्याध्यापक किंवा क्लासचालक स्वतः गुन्हेगार ठरू शकतो.

४. कॉलेज बघायला जाल तेव्हा

अ‍ॅडमिशनच्या आधी एकदा मुलीला घेऊन स्वतः जा. शक्यतो कॉलेज चालू असताना जा. सुट्टीच्या दिवशी सगळंच शांत दिसतं. दोघी-तिघी आया मिळून गेलात तर खर्चही वाटला जातो आणि बोलायला धीर येतो.

आधी रस्ता बघा. स्टँडपासून किंवा स्टेशनपासून कॉलेज किती लांब आहे? संध्याकाळी क्लास सुटतो तेव्हा त्या रस्त्यावर दिवे असतात का, दुकानं उघडी असतात का? रोज जाऊन-येऊन शिकणार असेल तर शेवटची एसटी किती वाजता, आणि ती चुकली तर मुलगी कुणाकडं थांबेल? हे उत्तर आधीच ठरलेलं पाहिजे. मुक्कामी गाडीच्या भरवशावर राहणाऱ्या गावांनी तर हा प्रश्न पहिला विचारावा.

मग आवार. फाटकावर येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद होते का? मुलींचं स्वच्छतागृह कुठं आहे? त्याला आतून कडी आहे का, पाणी आहे का, तिथं जाताना निर्मनुष्य कोपरा पार करावा लागतो का? ही बाब किरकोळ समजू नका. स्वच्छतागृह नीट नसेल तर पोरी दिवसभर पाणी पीत नाहीत. समितीचा बोर्ड भिंतीवर दिसतो का बघा. नावं, फोन नंबर आहेत का? बोर्डावरच्या मॅडम अजून तिथंच नोकरीला आहेत का, हेही विचारा.

मग पोरींना विचारा. हे सगळ्यात महत्त्वाचं. कार्यालयातले लोक त्यांच्या कॉलेजचं चांगलंच सांगणार. बाहेर झाडाखाली बसलेल्या चार-पाच मुलींना गाठा आणि साधं विचारा, "काही त्रास झाला तर तू कुणाकडं जाशील?" पाचपैकी तिघींनी एखाद्या मॅडमचं नाव पटकन घेतलं, तर समजा तिथं व्यवस्था जिवंत आहे. सगळ्याच एकमेकींकडं बघून हसल्या, तर बोर्ड कितीही मोठा असला तरी उपयोग नाही.

५. राहण्याची जागा

आपल्या भागातल्या आदिवासी मुलींसाठी आदिवासी विकास विभागाची वसतिगृहं आहेत. वसतिगृहात नंबर लागला नाही तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम योजनेतून जेवणाचे आणि राहण्याचे पैसे खात्यावर मिळतात. अनुसूचित जातीच्या मुलींसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पैसे मिळतात हे चांगलंच, पण मग मुलगी खासगी खोलीत किंवा खासगी होस्टेलला राहते. लातूरच्या ट्युशन एरियात किंवा नांदेडला क्लासच्या आजूबाजूला अशी होस्टेलं गल्लीगल्लीत दिसतात. त्यांच्याकडं कॉलेजच्या वसतिगृहासारखी समिती असेलच असं नाही. म्हणून तपासणी आपणच जास्त करायची.

हे प्रश्न लिहून न्या:

• रात्री इमारतीत जबाबदार बाई कोण राहते? ती तिथंच झोपते का?
• पहारेकरी, स्वयंपाकी, सफाईवाले यांची पोलीस पडताळणी झाली आहे का? मुलींच्या मजल्यावर पुरुष कर्मचारी कधी आणि कशासाठी येतात?
• खोलीची आणि न्हाणीघराची कडी आतून नीट लागते का? हातानं लावून बघा. दुसरी किल्ली कुणाकडं असते?
• घरमालकाचं किंवा मुलांचं राहणं त्याच जिन्यावर आहे का?
• दिवाळीत, उन्हाळ्यात मुली कमी झाल्या तर उरलेल्यांना एका मजल्यावर एकत्र ठेवतात का?
• आग लागली तर दुसरा जिना आहे का? खिडकीच्या गजांना उघडणारी बाजू आहे का?
• रात्री पोट दुखलं, ताप आला तर दवाखान्यात कोण नेतं?
• कॅमेरे कुठं आहेत आणि त्याचं चित्रण कोण बघतं? फाटकावर, जिन्यात कॅमेरा चालेल. कपडे बदलायच्या जागेजवळ चालणार नाही.

एक गोष्ट लक्षात ठेवा. काही होस्टेलवाले सांगतात, "आमच्याकडं सहालाच कुलूप, मोबाईल जमा, कुणाशी बोलायचं नाही, अगदी सेफ." हे ऐकून आपल्याला बरं वाटतं. पण ज्या मुलीजवळ फोन नाही, ती त्रास झाला तर सांगणार कुणाला? वेळेची शिस्त असावी. पण आईला फोन करायची आणि तक्रार करायची वाट बंद करणारी शिस्त सुरक्षा देत नाही.

६. "आमच्याकडं एकही तक्रार नाही"

कॉलेजमध्ये विचारलं तर हे उत्तर हमखास मिळेल. त्यावर लगेच खूश होऊ नका. हजार मुली असलेल्या ठिकाणी पाच-सात वर्षांत एकही तक्रार नाही, याचे दोन अर्थ होतात. खरंच काही झालं नसेल, किंवा मुली बोलायला घाबरत असतील. आपल्या गावातही असंच आहे ना? पोलीस ठाण्यात मारहाणीची नोंद नाही म्हणून कुठल्याच घरात बाईला मार बसत नाही, असं आपण म्हणतो का?

म्हणून उलटा प्रश्न विचारा. "मागच्या काही वर्षांत तक्रार आली होती का? आली तेव्हा तुम्ही काय केलं?" नावं विचारू नका, ती गुप्तच असतात. पण जे प्राचार्य सांगतील की "हो, आली होती, समितीनं चौकशी केली, कारवाई झाली", त्यांच्यावर जास्त विश्वास ठेवायला हरकत नाही. समितीला दरवर्षी अहवाल द्यावा लागतो. तो झाला का, हेही विचारता येतं.

७. जातीवरून होणारा त्रास

सुरक्षितता म्हणजे फक्त छेडछाड नाही. आपल्या तालुक्यातल्या गोंड, कोलाम, आंध, बंजारा, दलित घरातल्या पोरी पहिल्यांदाच शहरात जातात. बोलीवरून हसणं, "तुम्हाला काय, सवलतीत नंबर लागला" असं ऐकवणं, वेगळं बसवणं, यानं मुली आतून खचतात.

डॉ. पायल तडवी जळगावकडच्या तडवी भिल्ल समाजातली. मुंबईच्या नायर रुग्णालयाच्या मेडिकल कॉलेजमध्ये ती पुढचं शिक्षण घेत होती. २२ मे २०१९ ला तिनं आयुष्य संपवलं. तीन वरिष्ठ डॉक्टरांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप झाला, अटक झाली, खटला न्यायालयात गेला. त्रासाबद्दल आपण आधीच सांगितलं होतं, असं घरच्यांचं म्हणणं आहे. तिची आई आबेदा तडवी पुढं सर्वोच्च न्यायालयात गेल्या. जे आपल्या लेकीच्या वाट्याला आलं ते दुसरीच्या येऊ नये, कॉलेजांमध्ये जातीभेद रोखायची पक्की व्यवस्था असावी, ही त्यांची मागणी आहे.

यातून धडा असा, की तोंडी सांगून थांबायचं नाही. तक्रार लेखी द्यायची, पोच घ्यायची, तारीख लिहून ठेवायची. गटाचं रजिस्टर आपण जसं ठेवतो तसंच. कॉलेजमध्ये समान संधी केंद्र आहे का, अनुसूचित जाती-जमातीच्या मुलींच्या तक्रारी कोण बघतं, हे प्रवेशाच्या वेळीच विचारून घ्या. मुलगी फोनवर कमी बोलायला लागली, जेवत नाही, गावी यायचं टाळते किंवा परत जायला नको म्हणते, तर रागवण्याआधी जाऊन भेटा. मन फार खचलं असेल तर टेलिमानसच्या १४४१६ या मोफत नंबरवर समुपदेशकाशी मराठीत बोलता येतं.

८. लेकीशी करायचा एक करार

समाजकार्याचं शिक्षण घेताना आणि आता गावोगाव फिरताना मुलींशी बोलणं होतं. त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकली. मुली त्रास सांगत नाहीत. का? तर "घरी सांगितलं तर कॉलेज बंद करतील." म्हणजे त्रास देणाऱ्यापेक्षा आपल्याच घरच्या निर्णयाची भीती जास्त. आणि त्रास देणाऱ्याला हे चांगलं ठाऊक असतं. "सांग ना घरी, तुझंच शिक्षण बंद होईल" असं तोच म्हणतो.

म्हणून पोरगी जायच्या आधी आईनं आणि वडिलांनी दोघांनी तिच्यासमोर बसून सांगावं: "काहीही झालं तरी आधी आम्हाला सांग. तुझी चूक धरणार नाही. शिक्षण बंद करणार नाही. लागलं तर कॉलेज बदलू." मग तो शब्द पाळावा. वरच्या सगळ्या यादीपेक्षा हा शब्द जास्त कामाचा आहे.

कुणी फोटोवरून किंवा व्हिडिओवरून धमकी देत असेल तर मेसेज पुसू नका, पैसे देऊ नका, १९३० वर कळवा. तातडीच्या वेळी ११२. महिलांसाठी १८१, अठराच्या आतल्या मुलांसाठी १०९८. गुन्हा कुठंही घडला असो, कोणत्याही पोलीस ठाण्यात तक्रार घेतली जाते. "आमच्या हद्दीत नाही" म्हणून परत पाठवता येत नाही.

९. गटानं काय करायचं

हा पाठ मुलींना अडवायला वापरू नका. "होस्टेल बरोबर नाही, म्हणून कर्ज नाही" असं कुठल्या गटानं ठरवलं तर पाठाचा उद्देशच बुडाला. एक जागा पसंत नाही पडली तर दुसरी शोधायला मदत करायची.

ग्रामसंघाच्या पातळीवर चार कामं सहज होण्यासारखी आहेत.

• आपल्या गावातली कोणती मुलगी कुठल्या कॉलेजला, कुठल्या होस्टेलला आहे, याची वही ठेवा. नवीन मुलीला आधीच तिथं असलेल्या ताईचा नंबर मिळेल. वही सचिवाकडंच राहील, नंबर बाहेर जाणार नाहीत.
• एकाच शहरात जाणाऱ्या मुलींना शक्यतो एकत्र ठेवा. दोघी-तिघी एका खोलीत असल्या की खर्च कमी आणि आधार जास्त.
• दर तीन महिन्यांनी एक आई सगळ्यांच्या वतीनं जाऊन भेटून यावी. भाडं सगळ्यांनी वाटून घ्यावं. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहेच.
• सुट्टीत घरी आलेल्या मुलींना बैठकीत बोलवा. त्या सांगतील ते आपल्या सगळ्यांच्या कामाचं असेल.

पुढच्या बैठकीसाठी प्रश्न

१. आपल्या गावातून बारावीनंतर कोणत्या मुलींचं शिक्षण थांबलं? कारण पैसा होतं, अंतर होतं की भीती?
२. आपल्या मुली ज्या कॉलेजात आहेत, तिथल्या अंतर्गत तक्रार समितीच्या अध्यक्षांचं नाव आपल्यापैकी किती जणींना माहीत आहे? नसेल तर पुढच्या बैठकीपर्यंत मुलीला फोन करून विचारा.
३. मुलीनं उद्या फोन करून "मला इथं त्रास होतोय" असं सांगितलं, तर आपल्या तोंडून पहिलं वाक्य काय निघेल? प्रत्येकीनं मोठ्यानं म्हणून दाखवा.

तिसऱ्या प्रश्नाला घाई करू नका. सगळ्यांची उत्तरं ऐकून घ्या, आणि पोरी बसल्या असतील तर त्यांनाही विचारा, यातलं कोणतं वाक्य ऐकायला आवडेल. उत्तरं रजिस्टरच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. मी बैठकीला आले की आपण ती मिळून वाचू.

तुमची,
क्षेत्र समन्वयक, किनवट